दगाबाजीवर दहा मिनिटं

आयटीतला पगार सुरू झाला की माणसाला आधी फ्लॅट लागतो आणि मग संस्कृती. फ्लॅट मी कर्वेनगरला घेतला आणि संस्कृतीसाठी तिथल्याच एका फिल्म क्लबचा सभासद झालो. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमा, मग चर्चा, मग चहा. मत दिल्याशिवाय चहा नाही असा नियम होता. त्यामुळे प्रत्येकाला मत होतं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्रालाही मीच तिथे ओढून नेलं. तो नागपूरकडचा, कमी बोलणारा. बायकोला सातवा महिना लागला होता.

त्या वर्षी कंपनी आम्हाला दर शनिवारीही हिंजवडीला बोलवायला लागली. विरोध म्हणून सहा जणांनी पत्र द्यायचं ठरवलं. ते मी लिहिलं. वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रव्यवहारावर माझा पिंड पोसलेला. चार दिवस घासूनपुसून मी असं पत्र तयार केलं की वाचणाऱ्याने आधी दाद द्यावी आणि मग रागवावं. सह्यांची वेळ आली तेव्हा पाच जणांना एकदम कामं निघाली. त्या पाचांत मीही होतो. मित्राने एकट्याने सही केली आणि पत्र नेऊन दिलं.

शुक्रवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर पत्र होतं.

"अहो, हे लिहिलंय कोणी? सही करणारे काय, नुसते भोळे असतात. लिहिणारा सोमवारी घरी जाणार."

"त्यानेच लिहिलंय," मी म्हणालो.

"भाषा मात्र झकास आहे."

लाज नंतर वाटली. आधी वाईट वाटलं ते कौतुक दुसऱ्याला गेलं याचं. खोटं कशाला सांगू?

रविवारी क्लबात जुना इटालियन सिनेमा होता. डोंगरातला एक दरोडेखोर; पुढारी त्याला हवा तसा वापरतात, काम झाल्यावर झटकून टाकतात, आणि शेवटी त्याचा जवळचा माणूसच त्याचा घात करतो. चर्चेत मी दहा मिनिटं बोललो. सत्ता, भीती, दगा करणाऱ्याचं मन, काही सोडलं नाही. एका निवृत्त प्राध्यापकांनी मान डोलावली, तसा मी आणखी खुललो.

मग मित्राची पाळी आली. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "यांनी सांगितलं ते बरोबरच असणार. यांचा या विषयाचा अभ्यास किती आहे, ते काल साहेबांनी मला सांगितलं."

लोकांना वाटलं, तो माझं कौतुक करतोय. सगळे हसले. मीही हसलो.

म्हणजे त्याचं नाव मीच सांगितलं हे त्याला कळलं होतं, आणि तरीही पत्र लिहिणारा म्हणून साहेबांकडे त्याने माझं नाव घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर शनिवारीच मला पुन्हा बोलावणं आलं असतं. सोमवार उजाडायचा होता. केबिनमध्ये जाऊन एक वाक्य बोललो असतो तरी त्याची नोकरी वाचली असती. तो चहा न घेताच निघाला. मी दोन कप घेतले.

सोमवारी मी पोट बिघडल्याचं कळवून रजा टाकली. मंगळवारी गेलो, तर त्याची खुर्ची शेजारच्या टीमने उचलून नेली होती.