हैदराबादेत प्रेमसिंग बोलला नाही

इमरान पांढरकवड्यातला मोटार वाइंडिंगवाला. विहिरीवरची जळलेली मोटार कुणी आणली की तो आधी मोटारीला शिव्या देई, मग मालकाला, आणि मग मुकाट्यानं तांब्याची तार गुंडाळायला बसे. हात चांगला होता, पण ऐट हातापेक्षा मोठी. दुकानाची पाटी त्यानं इंग्रजीत रंगवून घेतली होती, ‘इमरान इलेक्ट्रिकल सोल्युशन्स’. गिऱ्हाइकं मात्र बापाच्या नावानं ‘रहमतचाचाचं दुकान’ असंच म्हणत. दर वेळी इमरानला ते टोचायचं. आपण जिथले आहोत तिथले दिसू नये, ही त्याची जुनी खोड.

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी आतून पोखरली. वरून बोंड हिरवंगार, आणि फोडलं तर आत अळी आणि काळा कापूस. लोकांनी डिसेंबरातच कपाशीची उभी झाडं, पराट्या, उपटल्या. पाणी द्यायलाच पीक नाही, तर मोटारी चालणार कशा आणि जळणार कशा? इमरानचं दुकान ओस पडलं, आणि रिकामा माणूस करतो ते त्यानं केलं. तो मोबाइलवर खेळू लागला.

खेळ होता बंदुकीचा. चौघांचा एक संघ, समोर तसेच पंधरा संघ, आणि जो शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला. इमरान कप्तान. त्याचा चुलतभाऊ साजिद आणि तहसील कचेरीतल्या नीळकंठबाबूंचा पियूष हे दोघे नेमबाज. चौथा प्रेमसिंग, केळापूरच्या रस्त्यावरच्या तांड्यातला, ट्रॅक्टर चालवणारा. त्याचा नेम बेताचाच होता. पण नजर अशी, की झुडूप हललं तरी त्याला आधी दिसायचं. तो सांगे आणि बाकीचे मारत.

गावात नेटवर्क रडत-रखडत चालायचं आणि तांडा पडला टेकडीवर, म्हणून सराव तांड्यावर, प्रेमसिंगच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, रुपीबाईच्या अंगणात बाजा टाकून. रुपीबाई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करून यायची आणि या चार घोड्यांना चहा करून द्यायची. खेळातल्या नकाशावर शेकडो जागा. त्यांची इंग्रजी नावं कोण पाठ करणार? मग तांड्यावरून डोळ्यांसमोर जे दिसत होतं त्याचीच नावं पडली. चढावरचं लाल घर झालं ‘लालीबाईचं दुकान’. चौकातला कठडा झाला ‘नायकाचा ओटा’, नायक म्हणजे तांड्याचा मुखिया. लांबचं गोदाम म्हणजे ‘जिनिंग’. “जिनिंगपासून तिघं येऊन राह्यले,” असं प्रेमसिंगनं म्हणायचा अवकाश, बाकी तिघांची बोटं आपोआप तिकडं वळायची.

याच बोलीवर त्यांनी जिल्हा मारला, राज्य मारलं, आणि एके दिवशी हैदराबादचं बोलावणं आलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा. थायलंड, नेपाळ, इंडोनेशिया, कुठले कुठले संघ. पहिल्या दोन संघांना पुढं परदेशात महास्पर्धेला नेणार होते. इमरानची आई हजराबी आयुष्यात पहिल्यांदा खेळाबद्दल बरं बोलली. मोहल्ल्यात जो तो विचारी, “काऊन बे, विमानात बसतं काय आता?” इमरान खांदे उडवे, पण मनातून तो केव्हाच विमानात बसला होता.

पहिला दिवस झकास गेला. संध्याकाळी यादीत त्यांचा संघ तिसरा होता. मग सभागृहातल्या भल्यामोठ्या पडद्यावर दिवसातले गाजलेले क्षण दाखवू लागले, खेळाडूंच्या माईकमधल्या आवाजासकट. आणि अचानक साऱ्या सभागृहात प्रेमसिंगचा आवाज घुमला.

“लालीबाईच्या दुकानामांगं दोघं हायेत. एक खाली बसला. येऊ द्या बाप्पा, येऊ द्या त्यायले. आता हाना!”

लोक खो-खो हसले. मंचावरचा निवेदक कोट-टायवाला होता. त्यानं “लालीबाई, लालीबाई” अशी नक्कल केली, तसे आणखी हसले. कुणी शिट्ट्या वाजवल्या. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मजा आली म्हणून हसत होते, आणि पुढच्या रांगेतली पोरं तर प्रेमसिंगकडं बघून टाळ्या पिटत होती. पण इमरानला टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. त्याला फक्त हसू ऐकू आलं. त्याचे कान तापले, मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी प्रेमसिंग दात काढून हसत होता, त्याचाही त्याला राग आला.

खोलीवर गेल्या-गेल्या तो म्हणाला, “उद्यापासून इंग्लिशमधी बोलाचं. लेफ्ट, राइट, बॅक. ते लालीबाई-फालीबाई बंद.”

“काहून भाऊ?” प्रेमसिंगनं विचारलं.

“लोकं हसून राह्यले होते.”

“हसू दे ना. आपण त्या दोघायले मारलं का नाही?”

“तुले नाही समजत. सारी दुनिया पाहून राह्यली. अन् तू तं कमीच बोल. लागलंच तं बोल.”

पियूष म्हणाला, “मला इंग्लिश जमेल रे, पण हा आपले डोळे आहे. याला गप्प बसवून कसं चालेल?”

“कप्तान मी हाय,” इमरान म्हणाला.

प्रेमसिंगनं मान डोलावली. वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. आपली मोरी आणि अंघोळीची चोरी म्हणतात, तसली गत इमराननं स्वतःच ओढवून घेतली.

दुसऱ्या दिवशी चौघे कसे खेळले ते सांगण्यासारखं नाही. “लेफ्ट” म्हटलं की साजिद विचारी, “कोणाचा लेफ्ट?” मग कुणी बोलेनासंच झालं. तरी नशीब थोर, शेवटच्या डावात ते तगून राहिले. मैदानावर तीनच संघ उरले होते आणि आणखी एकाच संघाला गारद केलं की दुसरा क्रमांक नक्की होता. प्रेमसिंग वरच्या खिडकीत पहाऱ्याला होता.

इमरानला आठवतं ते एवढंच, की प्रेमसिंगनं मोबाइलवरून नजर उचलून त्याच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. तो घाबरला असं इमरानला वाटलं. तो घाबरला नव्हता. थायलंडचे दोघे चढावरच्या लाल घरामागून येताना त्याला स्वच्छ दिसत होते, आणि लाल घराला इंग्रजीत काय म्हणायचं ते तो शोधत होता. शेवटी “बॅक” असं त्याच्या तोंडून निघालं तेव्हा इमरान पडला होता. मागोमाग साजिद पडला, मग पियूष, मग प्रेमसिंग.

पलीकडच्या टेबलावर थायलंडची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडत होती. दोन दिवस ती तशीच ओरडत होती, आपल्या भाषेत, घसा फुटेस्तोवर. इंग्रजीचा एक शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. निवेदक त्यांचेही शब्द तसेच चिवचिवत म्हणून दाखवत होता, लोक हसत होते, आणि ती पोरं वाकून-वाकून सलाम करत होती. इमराननं ते पाहिलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं डोक्यावरचे हेडफोन काढलेच नाहीत.

परतीच्या बसमध्ये आदिलाबाद ओलांडल्यावर प्रेमसिंग हळूच म्हणाला, “माफ कर भाऊ. मले ते इंग्लिश टायमावर सुचलंच नाही.”

इमराननं झोपेचं सोंग घेतलं.

तांड्यावर जाणं त्यानं टाळलं असतं, पण रुपीबाईचा निरोप आला, चहाला या. लालीबाईही तिथंच बसली होती. पहिल्या दिवशी हैदराबादेतून मोबाइलवर आपल्या दुकानाचं नाव आलं, ते तिनं गिऱ्हाइकांना सांगून-सांगून जुनं केलं होतं. हरल्याचं कुणी काढलं नाही. रुपीबाईनं कप पुढं केला. मजुरीनं तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

“इमरान, एक सांग बापा,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी सारा तांडा मोबाइल घेऊन बसला होता. मी कामावर नाही गेली. पहिल्या दिवशी माह्या पोराचा आवाज किती मस्त आला. मंग दुसऱ्या दिवशी काहून नाही आला? माही नजर त्याच्यावरूनच हटत नव्हती. तो बोलतच नव्हता. बिमार गिमार होता काय?”

इमराननं तोंड उघडलं. मीच त्याला गप्प बसवलं, काकू, एवढंच म्हणायचं होतं.

“माईक खराब होता, याडी,” प्रेमसिंग म्हणाला.

त्यानं इमरानकडं पाहिलंसुद्धा नाही. बशीत चहा ओतून तो फुंकर घालत बसला.

“असं होय,” रुपीबाई म्हणाली, आणि खात्री करून घ्यायला तिनं इमरानकडं पाहिलं. “हो का रे?”

“हो काकू,” इमरान म्हणाला. “माईकच खराब होता.”