बत्तीस घरं

"खुर्चीवर बसा. हे काही तुमचं बुद्धविहार नाही."

मी फरशीवर मांडी घातली होती. सॅक्सोफोन पुसता पुसता साहेब बोलले. गिटारवाले हसले, पियानोवाले हसले. ड्रमवाला वासुदेवभाऊ हसला नाही.

गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याची वसाहत. तिथल्या क्लबात दर रविवारी सकाळी जॅझचा सराव. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत सिमेंटचे ठोकळे दाबून फोडतो, ताकद नोंदवतो. व्हायोलिन वडिलांनी शिकवलं. गोंडपिपरीच्या विहारात, मांडी घालून, वाद्याचं टोक घोट्यावर टेकवून.

जॅझमध्ये आधी सगळे मिळून चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी. चार मात्रांचं एक घर, अशी बत्तीस घरं एकट्यानं, आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं. ताफ्याच्या प्रमुखानं, म्हणजे साहेबांनी, मान हलवली की पाळी आली. साहेब स्वतः चौसष्ट घरं घेत. गिटार बत्तीस, पियानो बत्तीस, ड्रमला आठ. मला शून्य. ड्रममागच्या खुर्चीवर बसून शेवटी एक लांब सूर धरायचा.

माझी पाळी का नाही, मी विचारलं.

"व्हायोलिन जॅझमध्ये पुढं येत नाही," साहेब म्हणाले. "ती सजावट."

"येतं, सर. आजच्या जॅझमध्ये व्हायोलिन अख्खा ताफा ओढून नेतं. मी रोज ऐकतो."

"ऐका हो. पण ते रक्तात असावं लागतं. तुम्ही आपली भीमगीतं वाजवा."

भीमगीतं मी वाजवतोच, ताठ मानेनं. इथं मात्र सहा रविवार मान खाली घालून खुर्चीवर बसलो. ही नोंद माझ्याच नावावर.

बाहेर वासुदेवभाऊ म्हणाला, "त्याच्या मानेकडं कायले पाहून राह्यला बे? तुले मोजता येते ना?"

क्लबातल्या कार्यक्रमाच्या दिवशी पियानोचं बत्तिसावं घर संपलं. मी उठलो. मंचाच्या पुढं, फरशीवर मांडी घातली. टोक घोट्यावर. गज तारांवर टाकला.

"मागे व्हा!"

नवव्या घरात साहेबांनी माझ्या अंगावर सॅक्सोफोन फुंकला. मी थांबलो नाही. वासुदेवभाऊनं ठेका सोडला नाही. विसाव्या घरात साहेबांचा दम तुटला. माझी बत्तीस पूर्ण झाली.

"पुढच्या रविवारी येऊ नका," ते पडद्यामागं म्हणाले.

"येईन. खालीच बसीन. अन् पुढं बसीन."

त्या वाक्यात 'सर' नव्हतं.

आज शनिवार. गजाला राळ लावून ठेवली आहे. परवानगी मागणार नाही.