पत्र्यावरचा दोर

सुरतेतल्या भेस्तानच्या त्या चाळीत रंजनाला सगळे वादळवाली म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. मागच्या वर्षी मोबाइलवरच्या नकाशात वादळाची रेघ थेट सुरतेवर आलेली पाहून तिनं दारोदार फिरून सगळ्यांना छपराचे पत्रे उतरवायला लावले होते. वादळ यात कुठंही वळू शकतं असं दाखवणारा, त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला रुंद पट्टा तिनं पाहिलाच नव्हता. वादळ सौराष्ट्राकडे वळलं. उघड्या घरांवर साधाच पाऊस पडला आणि टिकल्या लावायला आणलेल्या साड्या भिजल्या. व्यापाऱ्यानं चाळीला काम देणं बंद केलं.

आता समुद्रात पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. नळावर शेजारची छाया म्हणाली, "काय रंजनाताई, यंदा कुठं पाठवताय वादळ?"

बाया हसल्या.

"अजून ते नीट बनलेलंही नाही. कुठं जाईल, आत्ता कुणालाच सांगता येणार नाही."

छायाचं हसू मावळलं. तिची लेक बाळंतपणाला आली होती. "माहीत असतं तुला सगळं. आमचं वाटोळं व्हावं म्हणून सांगत नाहीस."

रंजना हंडा उचलून घरी आली. दुपारी तिनं शिडी लावून आपल्या पत्र्यांवरून दोर आवळून बांधला. खाली उतरली, तर समोर छायाचा नवरा दोर घेऊन छपरावर चढत होता. मग त्याच्या पलीकडचा. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

वादळ वळलं, तर या गाठींचा जाब तिलाच विचारतील. आलं, तर सांगितलं नाही म्हणून विचारतील. रंजना पुन्हा शिडी चढली आणि दुसरा दोर बांधू लागली.