सगळ्यांना मिळून एक गाऊन

मी एक्स-रे टेक्निशियन. डिप्लोमा झाला, पण कायमची नोकरी काही लागेना, म्हणून साताऱ्यातल्या एका एजन्सीकडे नाव नोंदवलं. कुठल्यातरी रुग्णालयातला टेक्निशियन लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी रजेवर गेला की एजन्सीचा फोन यायचा आणि त्याच्या जागी आठ-पंधरा दिवस मी जायची. रहिमतपूर, विटा, आटपाडी, असं चार वर्षं चाललं. लोक विचारायचे, "एवढं फिरून कंटाळा येत नाही का गं?" कंटाळा नाही यायचा. किळस यायची. दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं म्हणजे त्याचं सगळंच वाट्याला येतं. कीबोर्डच्या फटीत तंबाखूचा चुरा, खणात बुरशी धरलेला डबा, राहायच्या खोलीत उशीवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा गोल डाग. मी बॅगेत स्वतःची उशीची खोळ आणि फिनेलची बाटली घेऊन फिरायची.

कवठे महांकाळच्या पुढे एका मोठ्या गावात ट्रस्टचं एक रुग्णालय आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. मला पंधरा दिवसांसाठी पाठवलं होतं. एक्स-रेची मशीन चांगली होती, खोलीही मोठी. दाराआडच्या खिळ्यावर एक गाऊन लटकत होता. छातीचा एक्स-रे काढताना हूक, बटणं, गळ्यातले मणी फोटोत येतात, म्हणून पेशंटला अंगावरचं उतरवून गाऊन घालायला देतात. बायकांना, पुरुषांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना मिळून तो एकच होता.

मूळचा तो हिरवा असावा. काखेत पिवळा पडला होता, गळ्याशी काळा, आणि पोटावर एक तपकिरी डाग होता, तो कशाचा असेल याचा विचार मी केला नाही. घाम, खोबरेल आणि नासलेल्या दुधाचा मिळून एक वास त्याला यायचा. हातात धरला की कापड जाड आणि चिकट लागायचं. मी तो दोन बोटांच्या चिमटीत धरून पेशंटला द्यायची आणि लगेच सॅनिटायझर चोळायची. माझ्यादेखत पेशंट तो उघड्या अंगावर चढवायचे.

दुपारी सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नवीन मागितलेत, आले नाहीत. तू पंधरा दिवसांची पाहुणी. कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

मलाही ते पटलं. दोन दिवस मी निमूट गाऊन देत राहिले.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. गाद्या पिंजणाऱ्या घरातली, आयुष्यभर कापसाच्या धुळीत बसलेली. खोकून खोकून डोळे लाल झाले होते. गावात सगळे तिला चाची म्हणायचे, म्हणून मीही म्हणाले, "चाची, ब्लाउज काढा, गळ्यातलं काढा आणि हा घाला."

तिनं गाऊन हातात घेतला. नाकाशी नेला नाही, अंगठ्यानं आणि बोटानं कापड चोळून बघितलं, गिऱ्हाईकाची गादी बघावी तसं.

"ह्ये घालू व्हय?"

"हो. दोन मिनिटांचं काम आहे."

"पोरी, चाळीस वर्सं लोकांच्या गाद्या फोडतोय आमी. मुताच्या फोडल्या, रगताच्या फोडल्या, मेल्या माणसाच्या खालच्या बी फोडल्या. पर असलं कापड न्हाई बगितलं. ह्यात सूत ऱ्हायलंच न्हाई. नुसता मळ हाय."

"सगळेच घालतात, चाची."

"तू घातलाईस कवा?"

मी कॉम्प्युटरकडे वळले.

"तू घाल बगू आदी. तू घातलास की मी घालते."

बाहेर बाकावर सहा-सात माणसं बसली होती. तिच्यावर ओरडून मोकळं होता आलं असतं. याआधी दुसऱ्या ठिकाणी मी तसं केलंही होतं. पण ती भांडत नव्हती. गाऊन माझ्यापुढे धरून नुसती उभी होती, आणि तिच्यासमोर त्याला चिमटीत धरायची मला लाज वाटली. मी एप्रन काढला आणि गाऊन ड्रेसवरूनच अंगात घातला. गळ्याची कड मानेला लागली. ती ओली होती. माझ्या आधीच्या माणसाचा घाम अजून वाळला नव्हता.

पुढचं मला आवरलं नाही. कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत कशीबशी गेले आणि सकाळचा चहा, पोहे, सगळं बाहेर आलं. पाठीवर तिचा खरखरीत हात फिरत होता.

"बास, बास. काढ त्ये. मला न्हाई घालायचं, तुला बी नगं."

मी माझी ओढणी तिला गुंडाळायला दिली आणि फोटो काढला. डॉक्टरांनी छातीत कफ साठलाय म्हणून औषधं दिली आणि आठ दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगितलं.

संध्याकाळी गाऊन पिशवीत घालून खोलीवर नेला. बादलीत कडकडीत पाणी आणि पावडर घातली. पहिलं पाणी चहासारखं निघालं, दुसरं काळं. त्यावर एक साय धरली होती. तिसऱ्या पाण्यात काख चोळायला घेतली तर कापड बोटांतून निघूनच गेलं. पाठ चोळली, तिच्याही चिंध्या झाल्या. चाची म्हणाली ते खरं होतं. मळ निघाला तसा गाऊन संपला.

सकाळी चिंध्या घेऊन स्टोअरच्या माणसाकडे गेले. पन्नाशीचा, कपाळाला गंध, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. त्याला सगळे अण्णा म्हणायचे.

"तुमच्या ताब्यातली वस्तू तुमच्या हातनं फाटली," ते म्हणाले. "तसं लिहून द्या."

"अहो अण्णा, धुतला फक्त."

"कुणी सांगितलं होतं धुवायला?"

मी लिहून दिलं. नवा मागितला, तर "शिल्लक न्हाई" म्हणाले. मग मी पेशंटना घरून धुतलेला सदरा नाहीतर चादर आणायला सांगू लागले. लोक आणायचेही, कुणाची तक्रार नव्हती.

अकराव्या दिवशी रुग्णालयाची तपासणी होती. सकाळी अण्णा स्वतः एक्स-रेच्या खोलीत आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांत सहा नवे कोरे हिरवे गाऊन. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला होता.

"हे कधी आले?"

"हायत की दोन वर्सं."

"दोन वर्षं? मग देत का नाही वापरायला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला काही कळतच नाही. "वापरले की घाण हुतात, बाई. तपासणीला काय दाखवायचं मग? एक लटकवा, पाच घडीनं ठेवा. घडी मोडू नका. तीनला न्यायला येतो."

त्या क्षणी त्या माणसाचं गंध, त्याची इस्त्री, त्याचं स्वच्छ टेबल, सगळ्याचीच मला त्या गाऊनपेक्षा जास्त शिसारी आली.

तपासणीवाले बारा वाजता आले. खोलीभर बघितलं, गाऊनकडे बघून "छान" म्हणाले, कागदावर खूण केली आणि जेवायला गेले. त्यांच्या मागोमाग चाची आली. मी खिळ्यावरचा गाऊन काढून तिला दिला. तिनं परत कापड चोळून बघितलं.

"ह्ये सूत हाय," म्हणाली आणि घातला.

फोटो काढून झाला आणि अण्णा दारात आले. "अवो, नवीन हाय त्यो! काढा, काढा!"

चाची वळली आणि तिला जोराची ढास लागली. बेडका गाऊनच्या पुढच्या बाजूवर पडला. तिनं मुद्दाम केलं का आपोआप झालं, मला माहीत नाही. अण्णा दोन पावलं मागं सरले, रुमाल नाकाला लावला.

"ऱ्हाऊ दे. त्यो हितंच ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," म्हणाले आणि निघून गेले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाकावर पाच माणसं होती. एकेकाला आत घेतलं आणि एकेक नवी पिशवी फोडली. सुट्टीवर आलेला एक फौजी गुडघ्याचा फोटो काढायला आला होता.

"मॅडम, गुडघ्याला गाऊन कशाला?"

"घाला हो," मी म्हणाले. "नियम आहे."

तीनला अण्णा आले तेव्हा सहाही गाऊन बादलीत होते. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं, पण हात घातला नाही. मी ते धुतले आणि गच्चीवर वाळत घातले. शेवटचे चार दिवस ते वापरले. रोज सकाळी सिस्टर आपणहून विचारायच्या, "धुतले का गं?" चाचीचा फोटो स्वच्छ आला होता.

मी साताऱ्याला पोचायच्या आत माझी तक्रार पोचली होती. एजन्सीचे साहेब म्हणाले, "तुला एक्स-रे काढायला पाठवलं होतं का धुणं धुवायला?" त्या रुग्णालयात त्यांनी मला परत कधी पाठवलं नाही.

ही गोष्ट ऐकून मैत्रिणी माझं कौतुक करतात. मला ते नको वाटतं. पहिल्या दिवशी एक ओली बाळंतीण आली होती, बाळ बाहेर सासूकडे रडत होतं. तिनं हळूच विचारलं होतं, "दुसरा न्हाई का वो?" आणि मी कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले होते, "आहे तो घाला, मागं लाईन आहे." तिनं घातला. त्या अंगानं ती पुढं बाळाला पाजायला बाहेर गेली.