ओढ्याची रेघ

आमच्या कचेरीतले मोजणीदार मामा बोलण्याआधी कानावरची पेन्सिल काढत. शिवाजी पेठेत दर पावसाळ्यात घराघरांत पाणी शिरायचं, म्हणून बुजलेला ओढा शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. संस्थानकाळचा कापडी नकाशा घेऊन ते महिनाभर गल्लीबोळ फिरले. मी मोजणीची साखळी धरायचो. शेवटी ओढ्याची रेघ त्यांच्याच स्वयंपाकघरातून निघाली. ओढा मोकळा करायचा तर ते पाडावं लागणार होतं.

“मामा, चार हात सरकवा की. कोण बघतंय?” मी म्हणालो.

“मी बघतोय की!” ते गरजले. “पाणी माझं ऐकून वळणार हाय व्हय?”

त्यांनी रेघ होती तिथंच ओढली.

पुढच्या पावसाळ्यात पेठ कोरडी राहिली. मामांकडे स्वयंपाक पडवीत चालायचा. तिथं त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवल्याचा मला आजही अभिमान वाटतो.