ओसरीचा तट्टा

धानाच्या नव्या तणसाचा वास आला की आमची ओसरी आठवते. थंडी सुरू झाली की बाबा वारा अडवायला तिच्या उघड्या बाजूला बांबूचा तट्टा बांधत, खाली तणसाचा पेंढा पसरत आणि तिथेच झोपत. मी घराण्यातली पहिली बी.ए. झाले, त्या हिवाळ्यात भंडाऱ्याहून कॉलेजच्या मॅडम येणार होत्या. मी म्हटलं, "बाबा, तट्टा काढा, गोठ्यासारखं दिसते." ते हसले, "काढतो बाई, पण थंडीलेही सांगून ठेव, मॅडम येऊन राहिल्या म्हणून." मॅडम चहा घेऊन गेल्या, तरी तट्टा परत लागला नाही. आईने टोकलं तर बाबा म्हणाले, "राहू दे वं, आता शिकल्या पोरीचं घर दिसते." सारा हिवाळा ते उघड्या ओसरीत झोपले, छातीत खोकला बसला आणि होळीआधीच गेले. त्यांचं ते 'शिकल्या पोरीचं घर' ऐकून मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे मी आईलाही अजून सांगितलेलं नाही.