दक्षिणेस समोरच्या घराचं आवार

शिवणकाकूंना त्या सकाळी खरं तर दार लावून झोपून राहावंसं वाटत होतं. झोप कसली? मशीनवर अर्धवट शिवलेले शाळेचे गणवेश पडले होते, गॅसवर दूध होतं, आणि खाटेवर यजमान उठवून बसवा म्हणून हाक मारत होते. यजमानांची डावी बाजू लुळी पडल्यापासून काकूंना स्वतःचं असं दुखणं उरलंच नव्हतं. पाठ दुखली तरी ती यजमानांची चाकाची खुर्ची ढकलून, गुडघा दुखला तरी तो त्यांना उचलून.

यजमानांनी जन्मभर बस चालवली. ज्या माणसाचे पाय घरात कधी ठरले नाहीत, त्याला एका खोलीत बसवलं तर काय होणार? पहिले काही महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून असत, जेवायला नको म्हणत. मग चाकाची खुर्ची आली. काकू त्यांना रोज सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर, चांभाराच्या दुकानाशेजारी नेऊन बसवू लागल्या. बसा तिथं, जाणाऱ्या-येणाऱ्या बस बघा, चांभाराशी भांडा, कुठला ड्रायव्हर ब्रेक उशिरा मारतो त्यावर चार शिव्या हासडा. दुपारी घरी आले की माणूस पोटभर जेवायचा. ती कोपऱ्यावरची सकाळ म्हणजे त्यांचं औषध होतं.

आता गोची अशी, की काकूंचं घर मागच्या बाजूला. पुढे समोरचं घर आणि त्याचं फरसबंद आवार. त्या आवारातून सरळ गेलं की रस्ता. दुसरी वाट होती, नाही असं नाही. पण ती मागून, नाल्याकडे उतरणाऱ्या उंच, झिजलेल्या पायऱ्यांची. धडधाकट माणूस तिथं भिंत धरून उतरतो, तिथं खुर्ची काय उडवत नेणार?

समोरच्या घरात माई राहत होत्या. एकट्या, तोंडाळ, पण मनाच्या मोठ्या. त्या असेपर्यंत कुणाला वाटेची आठवणसुद्धा झाली नाही. त्या वारल्या, त्यांच्या परगावच्या भाच्यानं घर विकलं, आणि नव्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं, "काकू, मी आवाराला भिंत घालतोय. मुलगी परत आलीय घरी, लहान बाळ आहे. तिच्यासाठी दोन खोल्या काढायच्यात."

माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

काकूंचा धाकटा भाऊ वकिलाच्या कचेरीत कारकून. तो धावत आला. त्यानंच अर्ज करून जागेची मोजणी आणि पाहणी लावून घेतली, आणि तिच्या आदल्या दिवशी बहिणीसमोर बैठक मारून तिची उजळणी घ्यायला बसला.

"ताई, नीट ऐक. एक असतो हक्क आणि एक असते परवानगी. उघडपणे, कुणाला न विचारता, वर्षानुवर्षं त्या आवारातून जात राहिलीस, तर ती वाट वापरायचा हक्क तुझा. जमीन त्यांची, पण वाट तुझी. घर कितीही वेळा विकलं गेलं तरी ती कुणी बंद करू शकत नाही."

"आणि विचारून जात असले तर?"

"तर ती नुसती परवानगी. देणाऱ्यानं दिली, देणाऱ्यानं काढून घेतली. मेला तर त्याच्याबरोबर गेली."

काकू सुईत दोरा ओवत होत्या. त्या थांबल्या. "अरे, मी तर रोज विचारायचे."

भावानं कपाळाला हात लावला. "कशाला?"

"कशाला म्हणजे? लोकांच्या दारातून जायचं आणि तोंड उघडायचं नाही? आईनं असं शिकवलं होतं का आपल्याला?"

"ते उद्या बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, आम्ही सरळ जात होतो, कधी कुणाला विचारलं नाही. एवढंच. माई काही उठून साक्ष द्यायला येत नाहीत."

"म्हणजे मी उद्धट असते तर वाट माझी झाली असती?"

"कायद्यात तसंच आहे, ताई."

"भलताच आहे मग तुझा कायदा," काकू म्हणाल्या. पण आतून त्या हादरल्या होत्या. यजमान पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले त्यांच्या डोळ्यासमोर येत होते. खोटं तर खोटं, उद्या बोलून टाकू, असं त्यांनी ठरवलं. ठरवायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते कसंबसं गोळा केलं.

सकाळी मोजणीदार आला. निवृत्तीला टेकलेला, बोलण्याचा कंटाळा आलेला माणूस. त्याच्या माणसांनी फीत ताणली, कोपऱ्यांवर खुणा केल्या, आणि त्यानं खरेदीखतातलं वर्णन मोठ्यानं वाचलं. "पूर्वेस लाकडाची वखार. पश्चिमेस नाला. उत्तरेस शाळेची भिंत. दक्षिणेस समोरच्या घराचं आवार."

काकू ऐकत राहिल्या. लग्न होऊन ज्या घरात आल्या, बाळंतपणं काढली, सासू-सासऱ्यांचं केलं, ते घर चार दिशांच्या चार शेजाऱ्यांमध्ये उरकलं होतं. बरं, उरकलं तर उरकलं, पण त्यात वाटेचं नाव नव्हतं.

"खतात वाट लिहिलेली नाही," मोजणीदार म्हणाला. "मागून पायऱ्या आहेत, म्हणजे घर अगदीच कोंडलेलंही नाही. राहिला प्रश्न वापराचा. किती वर्षं जाता इथून?"

"लग्न झाल्यापासून," भाऊ मध्येच म्हणाला.

"मी त्यांना विचारतोय. बाई, कशा जाता ते दाखवा. रोजच्यासारखं. मग जबाब लिहून घेतो."

यजमान खुर्चीत तयारच होते. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. काकूंनी ब्रेक काढला आणि खुर्ची ढकलली. आपल्या अंगणाची माती संपते आणि समोरच्या आवाराची फरशी लागते तिथं त्यांचे पाय आपोआप थबकले. सगळे बघत होते. नवे मालक ओसरीत उभे, भाऊ मागे, मोजणीदाराच्या हातात पेन. आणि काकूंच्या तोंडून रोजच्याच चढ्या आवाजात निघून गेलं, "माई, येऊ का हो?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. हात खुर्चीच्या दांड्यावर तसेच राहिले.

"माई कोण?" मोजणीदारानं विचारलं.

"इथल्या आधीच्या मालकीणबाई," नवे मालक हळूच म्हणाले. "त्या वारल्यात."

"अहो, सवय असते तोंडाला!" भाऊ पुढे सरसावला. "आपण जांभई देताना काहीबाही बोलतो, तसं ते!"

मोजणीदारानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, रोज विचारायचात?"

अजून वेळ गेली नव्हती. एकदा नुसती नकाराची मान हलवली असती तरी भागलं असतं. पण माईंच्याच दारात उभं राहून, त्यांना इतकी वर्षं मारलेली हाक पुसून टाकायची? काकूंची जीभ वळेना.

"रोज," त्या म्हणाल्या.

"त्या काय म्हणायच्या?"

"या की, तुमचंच आहे, म्हणायच्या."

"घ्या!" भाऊ ओरडला. "मालकीणच म्हणते तुमचंच आहे! लिहा!"

"असं सगळेच म्हणतात हो," मोजणीदार म्हणाला. "माझा साडूही म्हणतो." आणि त्यानं खाली बसून, गुडघ्यावर वही टेकवून, परवानगीनं वापर, असं लिहिलं.

 काकू खाली बघत होत्या. शेवटी नवे मालकच जवळ आले. "काकू, भिंत मला घालावीच लागेल. पण बाजूनं खुर्चीपुरती जागा सोडून दार ठेवतो. फक्त एक कागद करू. माझ्या परवानगीनं, माझी मर्जी असेपर्यंत. उद्या मला घर विकावं लागलं तर पुढच्यावर बंधन नको."

"सही करू नकोस," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "कोर्टात जाऊ. सही केलीस की हक्क संपला."

"होता कुठे संपायला?"

"ताई, लढता येईल!"

"लढ तू. खुर्ची कोण ढकलणार तोवर?" काकूंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. त्या फार दमल्या होत्या. यजमान खुर्चीतून हे सगळं ऐकत होते. त्यांनी वाकडं झालेलं तोंड मोठ्या कष्टानं हलवलं आणि विचारलं, "उद्या... जायचं ना?"

काकूंनी सही केली.

भिंत उभी राहिली. दारही बसलं, चांगलं रुंद, उंबरा न ठेवलेलं. दिलेला शब्द माणसानं पाळला, आपण उगाच बोट का ठेवावं? पहिल्या सकाळी काकू खुर्ची घेऊन आल्या तेव्हा दार उघडंच होतं. ओसरीत नवे मालक नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी हसून "या" म्हटलं. काकूंनी मान खाली घातली आणि एक शब्द न बोलता आवार ओलांडलं.

रस्त्यावर आल्यावर यजमान म्हणाले, "विचारलं नाहीस आज."

"लिहून दिलंय ना कागदावर. रोज रोज काय विचारायचं?"

"मग... रडतेस का?"

काकूंनी बाहीनं डोळे पुसले. कोपऱ्यावरून चांभारानं हात केला, एक बस हॉर्न वाजवत गेली.

"माईंच्या दारातून जाताना मला कधी वाटलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या, "की आपण दुसऱ्याच्या जागेतून जातोय."